बांधाची माती

मंगळवार, १७ मे. संध्याकाळ.

सरपंचानं नदीच्या बांधाला बैलगाडी जाईल एवढं खिंडार पाडलंय! का, तर नव्या जिल्ह्याचे साहेब येणार म्हणून शाळेचं मैदान त्या मातीनं भरायचंय. लहानपणी कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगायच्या, आवाज चढवू नये. आज भर चावडीत सरपंचावर चढवला. माझाच विद्यार्थी, तेव्हाही मठ्ठ होता.

"बाई, नदीत चिमणीला प्यायला पानी न्हाई, अन् तुम्हाला पूर दिसून राहिला!"

सगळे हसले.

"दुष्काळ काय कायमचा मुक्कामाला आलाय? खालची अख्खी गल्ली त्या बांधाच्या भरवशावर झोपते."

"मंग तुमच्या अंगणातली माती कुठली हाय, बाई?"

गेल्या महिन्यात मोगऱ्यासाठी दोन गाड्या माती मागवली होती. कुठून आणली, विचारलं होतं का मी? जन्मभर पोरांना प्रश्न विचारायला शिकवून?

सरपंचाचा राग आहेच, तो जाणार नाही. पण त्या बैलगाडीएवढ्या खिंडारात माझ्याही दोन गाड्या आहेत. उद्या सकाळी मोगरा उपटून माती बांधावर परत नेणार, सगळ्यांच्या देखत. मग हसा म्हणावं.