इंजिनच्या खिडकीतला माणूस

रविवार, ४ नोव्हेंबर २०१२

आज सात मालगाड्या! महानदीच्या पुलाखाली रेतीत उभा राहून साऱ्यांचे फोटो काढले. कोळसा, कोळसा, रिकामी, तांदूळ... डब्यांशी मले काही घेणंदेणं नाही. घरी येऊन पायलच्या कम्प्युटरवर फक्त इंजिनं मोठी करून पाह्यली. एका खिडकीत नुसतं कोपर. एकीत टोपी. बाकी काचेवर ऊन.

यशदीप नाही.

याच लाइनीवर मालगाडी चालवतो तो. कधी ना कधी दिसनच.

पायल म्हणे, "बाबा, अब बस भी करो ना." पोट्टी मराठी समजते, बोलते हिंदीच. मी म्हटलं, भाऊ आहे तुझा. ती उठून पोळ्या लाटायले गेली.

७ नोव्हेंबर

गेलो नाही. गुडघा. पायलचं ऑफिस रायपूरबाहेर नव्या राजधानीत गेलं, सकाळीच बस धरते. दिवसभर घरात मी अन् बायकोचा, शांताचा फोटो.

रविवार, ११ नोव्हेंबर

नत्थू आला सोबत. आम्ही दोघंही मालगाडीचे गार्ड होतो, आता रिटायर. हसून म्हणे, "मारोती, बत्तीस वर्षं गाडीच्या शेपटीले बसला, आता तोंड पाहून राहिला!" मले हसू आलं नाही. मग हळूच म्हणे, "पोट्ट्याच्या घरीच काहून नाही जात?"

काय सांगू? कुठी राहते ते त्यानं सांगितलं नाही, फोन नंबरही बदलला. पायलले माहीत आहे, पण ती सांगत नाही.

१३ नोव्हेंबर

बाहेर दिवाळीचे फटाके. आज लिहूनच टाकतो.

शांता गेली मागच्या वर्षी मे महिन्यात, पहाटे पाच वाजता. यशदीप तेव्हा टिटलागडहून गाडी घेऊन निघाला होता. रेल्वेच्या कंट्रोल रूममधून मलेच विचारलं, "ड्राइवर को बता दें?" मी म्हटलं, नको. चालत्या गाडीच्या ड्रायव्हरले घरची वाईट बातमी द्यायची नाही — नोकरीत हेच शिकलो. मन उडते, सिग्नल चुकते. अन् समोर महानदीचा पूल! म्हटलं, रायपूरले उतरला की सांगा. दुपारपर्यंत येईल असं वाटलं.

नाही आला. त्याची गाडी वाटेत बाजूच्या लाइनीवर तासन्‌तास उभी. इथं पंचेचाळीस डिग्री ऊन. लोक म्हणे, आता थांबता येत नाही. चार वाजता अग्नी दिला.

सातले पोट्टा दारात. ड्युटीची पेटी हातातच. तोंडाकडे पाहत होता माझ्या.

"आईच्या वेळीही गार्डच राहिले तुम्ही, बाबा."

एवढंच. आठ दिवसांनी घर सोडलं.

मी चुकलो का? हजारदा विचारलं स्वतःले. रेल्वेच्या हिशोबानं नाही. शांताच्या हिशोबानं? ती असती तर विचारलं असतं.

रविवार, २५ नोव्हेंबर

एक चेहरा सापडला! मिशी, कपाळ तसंच. मोठा केला, अजून मोठा केला — नुसते चौकोन उरले. पायलले हाक मारली. तिनं स्क्रीनकडे धड पाह्यलंही नाही. "ये दादा नहीं है." एवढं पक्कं कसं सांगते तू? तर रडायले लागली. आईची आठवण आली असेल.

६ डिसेंबर

सकाळपासून बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी उभा. सहा डिसेंबर यशदीप कधी चुकवत नसे. लोक विचारत, "पोट्टा कुठी आहे?" "ड्युटीवर," म्हणालो. चार वाजले. मेणबत्ती लावली, घरी आलो.

रविवार, १६ डिसेंबर

धुकं. तीन गाड्या, तिन्ही फोटो पांढरे. कॅमेरा पिशवीत टाकला अन् मनात आलं — वर पुलावर जाऊन रुळात उभा राहिलो तर? मग तरी ड्रायव्हर मले पाहीन!

रेतीतच बसलो. इंजिनात कोणाचं ना कोणाचं पोट्टं असते. त्याच्या जन्माचा सत्यानाश कशाले करू?

संध्याकाळी पायलले हे सांगितलं. कोणाले तरी सांगायलेच पाहिजे होतं. ती पांढरीफटक पडली. जेवलीही नाही.

१७ डिसेंबर

पायल आज ऑफिसले गेली नाही. सकाळी माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, दादा गाड़ी चलाता ही नहीं."

शांता गेल्यावर पहिल्याच ड्युटीत त्यानं महानदीच्या पुलाआधी गाडी थांबवली. हात हलेना. दुसरा ड्रायव्हर पाठवावा लागला. मेडिकल तपासणीत नापास करून इंजिनवरून उतरवलं, ऑफिसात बसवलं. दीड वर्षापासून बीरगांवात राहते — आपल्या घरापासून चार किलोमीटर!

"पहले गुस्से में था. बाद में कसम दी मुझे — बाबा को मत बताना, वो खुद को दोष देंगे."

पत्ता लिहून दिला तिनं. तेव्हापासून बूट घालून बसलो आहो. उठवत नाही.