बाजूला सरकवलेले मामा

गाझियाबाद, सोमवार

ती. श्यामकांतमामांना पद्माकरचा साष्टांग नमस्कार. (नुसता लिहिण्यापुरता नव्हे, काल संध्याकाळपासून मी खरोखरच आडवा आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर ताळ्यावर आली का? डॉक्टरने बंद केलेलं लोणचं तुम्ही अजून कपाटाच्या दाराआडून खाता का? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण तेवढं धाडस होत नाही.

काल आपला व्हिडिओ कॉल मध्येच तुटला. तुम्ही नंतर सारखे फोन करत राहिलात आणि मी एकही उचलला नाही. मामा, पत्र वाचायच्या आधी कुठेतरी टेकून घ्या. जे झालं ते आठवलं की मला अजून दरदरून घाम फुटतो.

मूळ कारण म्हणजे जागा. माझं नोएडाचं ऑफिस हल्ली निम्मे दिवस घरूनच काम करू देतं, पण कामातले तक्ते इतके रुंद की लॅपटॉपवर डावीकडचं बघावं तर उजवीकडचं दिसत नाही. ऑफिसातले सगळे दोन-दोन मॉनिटर लावून जमीनदारासारखे ऐसपैस बसतात. मीही दुसरा घेणार होतो. पण अंगात पुण्याचं पाणी! हॉलमध्ये एवढा मोठा टीव्ही दिवसभर काळं तोंड करून बसलेला असताना दुसरा पडदा विकत कशाला आणायचा? माझं टेबल बेडरूममध्ये, टीव्ही हॉलमध्ये, मध्ये दार. तेव्हा मी सुताराकडून चाकांचं स्टँड करून घेतलं आणि टीव्ही थेट दाराच्या चौकटीत उभा केला. दिवसा त्याचं तोंड माझ्याकडे, संध्याकाळी हॉलकडे. (मग माणसांनी ये-जा कुठून करायची, असं तुमच्या भाचेसुनेने, उल्काने विचारलं होतं. आम्ही अंग चोरून, तिरके होऊन जातो. सवय होते.) लॅपटॉपवरची विंडो माउसने धरून उजवीकडे ढकलली की ती टीव्हीवर जाते आणि समोर सगळं मोकळं. हाताला याची इतकी सवय झाली आहे की नको असलेली गोष्ट मी आपोआप उजवीकडे ढकलतो. परवा जेवताना कारल्याची भाजी ढकलली, ती स्वानंदीच्या ताटात गेली.

तर काल स्वानंदीला बघायला, म्हणजे आम्हालाच बघायला, प्रसन्न आणि त्याचे आईवडील दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरहून आले होते. मुलगा तिच्याच गुरुग्रामच्या ऑफिसातला, तिनेच पसंत केलेला. वडील सूर्यकांतराव केंद्र सरकारात, जन्म दिल्लीतलाच, त्यामुळे मराठीला हिंदीची फोडणी. आई उत्तराताई अतिशय गोड. सगळं इतकं चांगलं होतं की माझा जीव घाबरा झाला. त्यातच चहा पिता पिता कळलं की लग्न झाल्याबरोबर कंपनी दोघांना पुण्याला पाठवणार आहे. मला एकदम वाटलं, अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत घ्यायला हवं. ऑफिसचं अर्जंट काम सांगून मी बेडरूममध्ये सटकलो, कानात इअरफोन घातले आणि तुम्हाला कॉल लावला.

तुम्ही बनियनवर होतात, डोक्यावर तेल थापलेलं. मी दबक्या आवाजात बोलत होतो आणि तुम्हाला कमी ऐकू येत असल्यामुळे माझं प्रत्येक वाक्य तुम्ही खात्रीसाठी मोठ्याने परत म्हणत होतात. म्हणेनात का! आवाज फक्त माझ्या कानात होता.

एवढ्यात स्वानंदी तिरकी होऊन आत आली. ‘बाबा, यार, सगळे वाट बघताहेत.’ माझी पाचावर धारण बसली. मी एका हाताने तुम्हाला उजवीकडे ढकललं, दुसऱ्या हाताने इअरफोन उपटले आणि समोरच्या तक्त्याकडे निष्पाप चेहऱ्याने बघत बसलो.

मामा, टीव्हीचं तोंड हॉलकडे होतं.

आणि या लॅपटॉपचा स्पीकर कधीच मेलेला आहे, त्यामुळे इअरफोन काढले की आवाज टीव्हीतून येतो. तोपर्यंत पडद्यावर नुसतं लॅपटॉपच्या वॉलपेपरचं हिरवं कुरण होतं, पाहुण्यांना ती सजावट वाटली होती. त्या कुरणात तुम्ही उगवलात. बनियनसकट, माणसापेक्षा मोठे. आणि गरजलात, ‘काय म्हणतोस? मुलाच्या बापाचे केस खोटे आहेत?’ (मी ‘वाटतात’ म्हणालो होतो, मामा!) उल्का सांगते, सूर्यकांतरावांचा हात हळूच डोक्याकडे गेला. ‘मुलगा पोह्यातले शेंगदाणे वेचून काढतो? बरं मग?’ प्रसन्नचा चमचा तिथेच थांबला. ‘आई फारच चांगली आहे, म्हणून संशय येतो?’

मी धावलो. रिमोट सापडेना (त्याच्यावर उत्तराताई बसल्या होत्या, हे नंतर कळलं). काही सुचेना म्हणून मी टीव्हीच गरकन फिरवायला गेलो. तो अर्ध्यात चौकटीत अडकला. एकीकडे पाहुणे, दुसरीकडे स्वानंदी, मध्ये आडवे तुम्ही आणि तुम्हाला मिठी मारून मी. त्या अवस्थेत तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, ‘पद्म्या, तुला खोड सापडत नाहीये. पोरगी लांब जाणार म्हणून रडू येतंय ना? मग सरळ तसं सांग की त्या लोकांना.’

मी वायर उपटली, आत स्वानंदीने लॅपटॉप मिटला. मग ती म्हणाली, ‘बाबा, पुणं लांब आहे? मला तर लहानपणापासून सांगताय की आपलं खरं घर तेच.’ परक्या लोकांसमोर, टीव्हीच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडलो. मामा, खूप रडलो.

त्यावर सूर्यकांतरावांनी काय केलं असेल? डोक्यावरचा टोप काढून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘चलो, आता लपवायचं काय राहिलं? रडून घ्या बिल्कुल.’ उत्तराताई पदर तोंडाला लावून हसत होत्या, की त्याही रडत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही. थोड्या वेळाने ते लोक गेले. स्वानंदी त्यांना सोडायला खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. तेव्हापासून मी आडवा आहे. मामींना नमस्कार सांगा, आणि यापुढे कॉलवर यायचं झालं तर अंगात सदरा असू द्या.

आपला (तोंड लपवून बसलेला)
पद्माकर

ता. क. हे सांगायचं राहिलंच : लग्न ठरलं. आत्ताच त्यांचा फोन आला. सूर्यकांतराव म्हणाले, टीव्हीतले मामा पंगतीत माझ्या शेजारी बसणार असतील तरच बैठकीला बसू.

ता. क. २ उल्का म्हणते, आता तो टीव्ही दारातून काढा आणि नीट दोन मॉनिटर विकत आणा. स्वानंदीच्या खोलीत खिडकीशी टेबल लावलं की भरपूर जागा होईल. असं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ काही न करता तिथेच उभी होती. मामा, मला जागा हवी होती, पण इतकी नको होती.

ता. क. ३ खरं काम हे : लग्न आटपलं की लगेच पुण्याला परतू नका. मामींना घेऊन स्वानंदीच्या खोलीत उतरा आणि चांगले महिनाभर राहा. मी बोलावलं असं उल्काला कळू देऊ नका, गुडघ्याचं निमित्त सांगा. तुम्ही तिथे असाल तोवर मला त्या खोलीत टेबल न्यावं लागणार नाही.