दारात शंभर मोजा

मु. तळेघर, ता. आंबेगाव
मंगळवार, १८ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप दादांच्या पायांवर धाकट्या बहिरूचा माथा. (कागदावरूनच टेकवतो. समोर वाकलो तर उठवायला दोघे लागतात.)

राजुरीला थंडी पडली असेल. तुमचे गुडघे कसे आहेत, वहिनींच्या डोळ्यांचे पाणी थांबले का, ते कळवावे. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. हे वाक्य चौथीच्या गुरुजींनी पहिल्या ओळींत घालायला शिकवले होते म्हणून घातले आहे. पुढचे वाचताना ते ध्यानात धरू नये.

नव्या भाताला येत्या सोमवारी येतो, हे तुमचे कार्ड पोचले. नव्या तांदळाचा पहिला घास घरातल्या थोरल्याने घ्यायचा ही बाबांपासूनची चाल, ती मोडावी असे माझ्या मनात नाही. (हे आधीच लिहून ठेवतो, कारण मागाहून तुम्हाला तसे वाटेल.) तळेघरचे पत्र राजुरीस पोचायला चार दिवस लागतात, कधी सहा. सहा लागले तर हे सगळे लिहिणे फुकट, म्हणून आजच्याच टपालात टाकतो.

मागल्या वर्षी तुम्ही आलात तेव्हा काय झाले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले. तुम्ही दारात खोकलात, वहाणा काढल्या. चिमा चुलीपाशी बसली होती. ती उठली, डोक्यावर पदर ओढला आणि पदर हातात धरूनच खाली गेली. मनगट मोडले. तेव्हा तुम्ही चारचौघांत मला म्हणालात, "बहिऱ्या, बायकूला खायाला घालतूस का न्हाई?" थोरल्याला उलट बोलायचे नसते. पण तिने त्या दिवशी दीड भाकर खाल्ली होती, हे आज वर्षाने लिहितो.

तिच्या हाताचा कंपवात आम्हाला तीन वर्षांपासून ठाऊक होता. पडणे मात्र वेगळेच काही, असे आम्ही धरून चाललो. हात बांधणाऱ्या डॉक्टरने दंडाला पट्टा गुंडाळून पाहिले आणि "बी.पी.चा त्रास दिसतो, मोठ्या डॉक्टरला दाखवा" एवढे सांगितले. मी बी.पी. ऐकले आणि पुढचे ऐकले नाही. आमच्या वाडीत बी.पी. शेजारच्या हौशीरामला आहे, त्यामुळे त्यातला जाणता तोच. तो म्हणाला, "बी.पी. म्हंजी मीठ बंद. इचारायचं कामच न्हाई." मी त्याच दिवशी मिठाची बरणी नाचणीच्या कणगीत पुरली. आठ महिने चिमाने अळणी खाल्ले. एकदा तिने सुकट मागितली, तर मी तिला असे काही ऐकवले की ते इथे लिहवत नाही.

आणि ती पडतच गेली. गोठ्याच्या उंबऱ्यात पडली, तुळशीपाशी पडली, एकदा जेवून उठताना ताटावरच पडली. दर वेळी मी म्हणायचो, अजून कुठूनतरी मीठ पोटात जाते आहे. (सुनेवर, प्रतिभावर, मी डोळा ठेवून होतो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.) वाडीतली बायडाबाई म्हणाली, हिच्या अंगात येतं. ती नारळ घेऊन आली आणि लेकीच्या सासरचे प्रश्न योजून पुढ्यात बसली. चिमा उठली, डोळे फिरले, खाली बसली. जरा वेळाने डोळे उघडून म्हणाली, "मीठ हाय का?" बायडाबाईने ते देवीचे मागणे समजून पावशेर मीठ आणले आणि तिच्यावरून ओवाळून अंगणात ठेवले. ते मी लगबगीने उचलले आणि कणगीत लपवले. तेव्हा वाडीत हसू झाले होते. आता ते आठवले की मला जेवण जात नाही.

श्रावणात आमच्या लेकाने, दादाभाऊने, रजा काढली आणि आईला पुण्याला नेले. मीही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पट्टा आधी निजलेली असताना बांधला, मग उभी करून बांधला. निजून एकशे चाळीस, उभ्याने पंच्याऐंशी. मी विचारले, मशीन बिघडले का. ते म्हणाले, मशीन बरे आहे. माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते. धडधाकट अंग शिरा आवळून ते वर धरते. कंपवातात अंग ते आवळायचे विसरते, मग डोक्याला रक्त पुरत नाही आणि अंधारी येते. मला लगेच उमगले. खाचराचा बांध फुटला की वरची रोपे कोरडी पडतात, तसे. मग त्यांनी विचारले, मीठ कितपत खातात? मी छाती काढून सांगितले, आठ महिन्यांत चिमूटभर नाही. डॉक्टर बराच वेळ कागदावर लिहीत राहिले. एवढे लिहिण्यासारखे काही नव्हते.

त्यांनी मीठ थोडे वाढवायला सांगितले, उठण्याआधी पाणी प्यायला सांगितले, आणि खाटेच्या उशाखाली विटा लावायला सांगितल्या. मी घरी येऊन विटा पायथ्याला लावल्या, रक्त डोक्याकडे वाहावे म्हणून. सकाळी चिमा उशीसकट भिंतीला लागली होती. प्रतिभाने डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला तेव्हा विटा फिरवल्या.

आता उठायची रीत अशी: आधी बसायचे, पाय खाली सोडायचे, तांब्यातले पाणी प्यायचे, मी शंभर मोजायचे, मग उभे राहायचे. एवढे केले की ती पडत नाही. तेव्हापासून दोनदाच पडली, आणि दोन्ही वेळा माझ्यामुळे. आपल्या दोघांचा खोकला बाबांवर गेलेला. मला पडसे होते, मी अंगणात खोकलो, आणि ती "थोरलं भावजी आलं" म्हणत ताडकन उठली. तेव्हापासून मी खोकायला गोठ्यामागे जातो. पण डॉक्टर म्हणाले आहेत, पुढच्या पडण्यात खुब्याचे हाड गेले तर या वयात त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत. ते ऐकल्यापासून मला घरात वहाण काढल्याचा आवाजही सोसत नाही.

मी तिला सांगून पाहिले, दादा आले तरी उठू नको. ती म्हणाली, "चाळीस वर्सं उठले. आता थोरल्याम्होरं खाटंवर बसून ऱ्हाऊ? लोकं काय म्हनतील?" मी चिडलो, तिने तोंड फिरवले. तुमचा यात दोष नाही. तुम्ही तिला उठ असे कधी म्हणाला नाहीत. (बस असेही म्हणाला नाहीत. मीही नाही. मी शेतावरून आलो की ती उठून पाणी देई, आणि मी तांब्या तेवढा पाहिला.)

असो. वहिनींना नमस्कार. प्रकृतीस जपावे, घाईने उठू नये.

तुमचा धाकटा,
बहिरू

ता. क. सोमवारी बाराच्या एस.टी.ने उतराल. कृपा करून खोकू नये. अंगणात जांभळीखाली थांबून मला नावाने हाक मारावी. मी आत मोठ्याने मोजायला लागेन. शंभर होईपर्यंत उंबरा ओलांडू नये. तुमच्या जन्माच्या घरात धाकट्याने तुम्हाला दारात उभे करावे, याचे पाप माझ्या माथी. सत्तरनंतर माझे चुकते आणि मी पुन्हा साठापासून धरतो, तेवढे सोसावे.

आणखी ता. क. हे मानवत नसेल तर यंदा येऊ नये, तांदूळ दादाभाऊबरोबर पाठवतो. (ही ओळ मी खोडली होती, पण वाचता येते आहे. तुम्ही आला नाहीत तर तो भात माझ्याही घशाखाली उतरणार नाही.)

शेवटचा ता. क. पाकीट बंद करण्याआधी चिमाने पत्र वाचून दाखवायला लावले. मी शंभराचे गाळून वाचले. ती म्हणाली, "शंभराचं ल्हिवलं का न्हाई?" तिचा आवाज आता फार खोल गेला आहे, कान तोंडाशी न्यावा लागतो. मी म्हटले, लिहिले. तेव्हा म्हणाली, "लगनात ह्याच दारात मला अडवलं व्हतं. नाव घेतल्याबिगर आत घेतलं न्हाई. आता भावजींस्नी अडवा. म्हनावं, वहिनीचं नाव घ्या, तवर मी उठते."

तिचे तोंड या दुखण्याने वर्षभर हसलेले नाही, म्हणून मी खांद्यांकडे पाहिले. उजवा नेहमीच हलतो. आज डावाही हलत होता.

तरी दादा, एक नाव पाठ करून यावे. लांबलचक असावे.