बाटलीच्या बुडाची रेघ

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाई बाई बाई! आज कारखाना बघितला! सूनबाई तिथे निवडीच्या बायकांची मुकादम आहे. किती दिवस तिच्या मागे लागले होते – दाखव गं एकदा, दिवसभर करतेस तरी काय!

बाटल्यांचे डोंगर नुसते. सरकत्या पट्ट्यावरून त्या येतात, दोन्हीकडे बायका उभ्या. नको ती बाटली उचलायची आणि मागे भिरकावायची. उरलेल्यांचा यंत्र चुरा करतं – कानठळ्या बसतात! मग चुऱ्याला गरम पाण्याची आंघोळ. हौदात तर गंमतच. झाकणांचा चुरा तरंगतो, बाटल्यांचा तळाला बसतो. भांडण नाही तंटा नाही, दोघे वेगळे! मी टाळीच वाजवली. सूनबाई म्हणाली, "आई, लोक बघतायत." बघू देत की! मग तो चुरा वितळवतात, बारीक भोकांतून तंतू ओढतात, आणि शेवटी निघतो कापूस. पांढराशुभ्र. मी गाल लावून बघितला. ह्याच्या उशा करतात म्हणे. इतकी वर्षं पाणी पिऊन फेकत होते त्यात माझी उशी होती!

पट्ट्यावरच्या एका लाल रुमालवालीने माझा दुखरा गुडघा बघून मला स्वतःचं स्टूल दिलं. आणि बूड बघायला शिकवलं. बाटलीच्या बुडात मधोमध ठिपका असला तर ती आपली. आडवी रेघ असली तर परकी – प्लास्टिकच वेगळं. ती परकी पण तळालाच बसते, म्हणून हौदाला कळत नाही, डोळ्यांनीच पकडायची. वितळवताना ती करपते आणि सगळा माल नासवते. "मूठभर पुरते, आजी."

चौथीत शाळा सुटली, त्यानंतर आज काहीतरी शिकले. लगेच आलं!

५ फेब्रुवारी

सकाळपासून जिने चढउतार. दारोदार – "बाटली आहे का बाटली?" नात म्हणते, आजी, तुला भंगारवाली म्हणतील. म्हणू देत, मी भंगारवालीची सासू आहे! सूनबाई हसली. तिला असं हसताना बघितलं की बरं वाटतं. कारखान्याला एक उशीवाला गिऱ्हाईक मिळतोय, त्याला नमुन्याचा माल द्यायचाय, म्हणून बिचारी काळजीत असते. म्हणाली, "आई, तुमचं पोतं त्यातच घालू. पहिली उशी तुम्हाला."

७ फेब्रुवारी

समोरच्या चष्मेवालीने माझं बघून पोतं धरलंय. आणि तिचं भरलंसुद्धा! मुलगा हॉटेलात कामाला, तिला काय कमी. दारात उभी राहून विचारते, "तुमचं अजून अर्धंच का हो?" अंगाची लाहीलाही झाली.

गुडघा दुखतोय. वरचे मजले राहिलेच.

८ फेब्रुवारी

पोतं भरलं. गच्च! चष्मेवालीच्या दारावरून मुद्दाम दोनदा नेलं.

माळ्यावर जुन्या बाटल्या होत्या, तेलाच्या, जाड. बुडं बघितली. रेघ होती. पुसट होती तशी. मधोमध, खालच्या बाजूला घातल्या. एवढ्या डोंगरात काय कळतंय.

१० फेब्रुवारी

सूनबाई पोतं घेऊन गेली. आल्यावर म्हणाली, पट्ट्यावर टाकलंच नाही, थेट चुऱ्याच्या यंत्रात! लाल रुमालवाली बघू का विचारत होती, तर हिने सांगितलं, "आमच्या आईंनी निवडलंय ते. त्यात काय बघायचं?"

मला वाटलं होतं पट्ट्यावरच्या बायका काढतील. मी त्यांच्या भरवशावर होते.

जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माल पिवळा निघाला. पिवळा आणि काळे ठिपके. उशीवाल्याने हात लावला आणि परत ठेवला.

सूनबाईने चप्पलसुद्धा काढली नाही, तशीच खुर्चीत बसली. मी पाणी दिलं. "कशाने झालं गं?" विचारलं मी! तोंड वर करून विचारलं! ती म्हणाली, "परकी बाटली गेली असेल, आई." माझ्याकडे बघितलं नाही. दमली असेल.

साहेबांनी लाल रुमालवालीला घरी बसवलं. त्या दिवशी पट्ट्याच्या शेवटी तीच उभी होती म्हणे. तिच्याच डोळ्यांतून सुटली.

तिच्या डोळ्यांतून! तिने तर स्वतःहून मागितलं होतं बघायला.

१३ फेब्रुवारी

सांगायचं ठरवलं होतं. चहा ठेवला, शब्द जुळवले. तेवढ्यात सूनबाई उशी घेऊन आली. त्याच मालाची. विकला जाणार नाही म्हणून बायकांनी वाटून घेतला. "तुम्हाला कबूल केली होती ना." खोळ शिवून आणलीय, निळी फुलं. नात उशीवर नाचली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, छान आहे हो. चहा उतू गेला.

१४ फेब्रुवारी

उशी मऊ आहे. तेच वाईट आहे. टोचली असती तर बरं झालं असतं.

चष्मेवाली विचारत होती, "मग, कापूस झाला का तुमचा?" झाला म्हटलं. एवढ्यासाठी केलं मी. हिच्या एका "का हो"साठी. या वयात! नातीने असं केलं असतं तर मी तिचा कान पिरगाळला असता. माझा कोण पिरगाळणार.

१५ फेब्रुवारी

बाजारात लाल रुमालवाली भेटली. रुमाल नव्हता, आधी ओळखलंच नाही. मी भाजीच्या गाड्यामागे लपणार होते – खरंच, लपणारच होते – पण तिनेच हाक मारली. "आजी, गुडघा कसा आहे?"

सगळीकडे काम विचारून झालं म्हणाली. डोळे गेलेत अशी आवई उठलीय तिच्याबद्दल. निवडीला कोण घेणार? मग हसली. "काल घरी सगळ्या बाटल्यांची बुडं बघत बसले, आजी. मलाच शंका यायला लागली. पण दिसतं हो मला. स्पष्ट दिसतं."

मी म्हटलं, दिसतं गं पोरी तुला. एवढंच म्हटलं. पिशवीतली भाजी तिच्या पिशवीत कोंबली आणि पळ काढला. भाजी देऊन आले! लाज कशी नाही वाटली!

वाटली. तीच तर वाटतेय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज बोलले. सूनबाई भांडी घासत होती, तिच्या पाठीशीच बोलले, तोंड बघून जमलं नसतं. माळ्यावरच्या बाटल्या, रेघ, चष्मेवाली, सगळं. म्हटलं, सकाळी मी साहेबांकडे जाते. म्हातारी आहे, काय करतील, ओरडतील. ओरडू देत. तिला परत घ्या म्हणेन.

नळ चालूच होता. तिने बंद केला. हात पुसले आणि आत गेली. बाहेरच आली नाही. माझं तोंड बघवत नसेल. नातीला मीच वाढलं.

१८ फेब्रुवारी

सकाळी साडी नेसून तयार झाले, तर सूनबाई दारात उभी. पर्समधून एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. जाड प्लास्टिक, त्यावर आडवी रेघ.

"चुऱ्याच्या यंत्राच्या चाळणीत अडकला होता, आई. माल बिघडला त्याच दिवशी सापडला मला. आपल्या माळ्यावरची बाटली मी ओळखत नाही का?"

मग चप्पल घातली आणि म्हणाली, "साहेबांशी तुम्ही नका बोलू. बोलायचंय मला."