चौथ्या कोपऱ्यावरची पाटी

वसतिगृह, खोली क्र. २१४
६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा पत्राला पर्याय नाही. शिवाय तुझं अक्षर पाहिलं की मला धीर येतो. आज धीराचीच गरज आहे.

गेल्या आठवड्यात कॉलेजात चार नामवंत डिझायनर मार्गदर्शनाला आले होते. स्वप्नं मोठी बघा, चौकट मोडा, अपयशाला घाबरू नका. टाळ्यांचा नुसता कडकडाट. मी सात पानं टिपणं काढली. खोलीवर येऊन वाचली, तर उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं ते एकाही पानावर नव्हतं.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तुला माहीत आहे. इथल्या सहा मजली रुग्णालयासाठी दिशा दाखवणाऱ्या पाट्या. प्रत्येक विभागाला एक रंग, एक खूण आणि भिंतीवरून कमरेच्या उंचीने जाणारी त्याच रंगाची पट्टी. कागदी नमुने तळमजल्यावर लावायची परवानगी मिळाली आहे. बारा फेब्रुवारीला परीक्षक येणार. त्यांनी पसंत केलं तर रुग्णालय सगळ्या मजल्यांवर माझ्याच पाट्या कायमच्या लावणार. नाही केलं, तर मी या वाटेला का आले, असं बाबांना नाही तरी मला नक्की वाटेल. चार वर्षं त्यांनी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलंय, माझी पोर डिझायनर होतेय म्हणून.

तू चौतीस वर्षं हेच केलंस. भाषण नको, काय करू ते सांग.

लोभ आहेच, तो पत्रातून कळत राहू दे.

तुझी,
रेघोटी

*

१३ जानेवारी

चि. रेघोटीस,
अ. उ. आ.

घराच्या एकूण एक भिंतीवर रेघा ओढणारी पोर आता सहा मजली इमारतीच्या भिंती मागतेय, म्हणजे प्रगती आहे म्हणायची. तुझ्या आईने तेव्हा भिंती पुसून पुसून हात दुखवून घेतले होते, हे त्या परीक्षकांना मुद्दाम सांग.

मी कामाला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमचं ऑफिस छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली यंत्र सुरू झालं की जमीन थरथरायची, मग आम्ही सगळे एकदम पेन उचलायचो. यंत्र थांबलं की रेघ पुढे. दिवसभर खळीचा आणि शाईचा वास. उतरत्या टेबलावरून पेन्सिली घरंगळायच्या, त्या पकडायला पायाची सवय झाली होती. अक्षरं हाताने कापायची आणि चिकटवायची. एक अक्षर केसभर तिरकं गेलं की दाढीवाले मास्तर काही न बोलता चहाचा कप त्यावर ठेवायचे. डाग पडला की आपण पुन्हा करणार, हे त्यांना ठाऊक. काय चिडायचे मी! आज मात्र त्या कपासाठी जीव तुटतो.

त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. काम पुरं झालं की ते माणसाच्या पुढ्यात ठेवायचं आणि आपण तोंड मिटायचं. समजावून सांगायची पाळी आली की काम नापास. तू तेच कर. कुणालातरी दारातून आत सोड, एक खोली शोधायला सांग आणि वीस पावलं मागून गुपचूप चालत राहा.

कुणाला सोडायचं म्हणशील, तर घरचं माणूस घे. मीही एका रुग्णालयाच्या पाट्या केल्या, मासिकात फोटो आला, मोठमोठ्यांनी पाठ थोपटली. पण माझी खरी परीक्षा घेतली ती तुझ्या आजीने. पाट्या लागल्यावर महिन्याभरात ती एकटी जाऊन डोळे तपासून आली, कुणाला एका शब्दाने न विचारता. घरी येऊन म्हणाली, तुझ्या पाट्यांनी हात धरून नेलं गं. रेघोटे, त्यापुढे तो फोटो म्हणजे रद्दी. बावीस वर्षं झाली, अजून कधी उदास वाटलं की मी ते वाक्य काढून बसते.

तेव्हा तुझ्या बाबाला बोलाव. तो कापडाशिवाय कशाकडे धड बघत नाही. त्याला वाट सापडली तर कुणालाही सापडेल.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद आहेतच, पत्राची वाट बघते.

तुझी,
आत्या

*

२३ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पास! बाबा पास, म्हणजे मी पास!

रविवारी बोलावलं, कारण त्या दिवशी बाहेरचे रुग्ण नसतात आणि कुणाला अडचण होत नाही. दारात उभं करून सांगितलं की एक्स-रेची खोली शोधा. तोंडाला कुलूप लावलं आणि वीस पावलं मागे राहिले. आत्या, बाबा असे ताडताड निघाले की मलाच पळावं लागलं. सहा वळणं आहेत, एकदाही थबकले नाहीत. चौथ्या कोपऱ्यावर जिना आहे, तिथे मला धाकधूक होती. तर तिथे पाटी नजरेत येण्याआधीच वळले! खोलीपाशी पोचून म्हणाले, यात अवघड काय आहे, आंधळासुद्धा येईल.

सरांना सांगितलं, तेही खूश. रुग्णालयाच्या अधीक्षकांनी पाट्या कायमच्या बसवायची तारीखसुद्धा ठरवून टाकली, सव्वीस फेब्रुवारी. आता फक्त परीक्षक उरले.

बाबा संध्याकाळच्या गाडीने परत गेले. जरा गप्प होते. प्रवासाने थकले असतील.

तुझा सल्ला लाखमोलाचा ठरला. असाच लोभ राहू दे.

तुझी,
रेघोटी

*

२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणशील हा कात्री सोडून लेखणी धरून का बसला. चार दिवस गिळलेला घास खाली उतरत नाहीये, म्हणून.

पोरीने तुला कळवलंच असेल, मी कसा सरळ चालत गेलो ते. ताई, मी आदल्या दिवशीच तिथे जाऊन आलो होतो. तिला न सांगता शनिवारी सकाळी उतरलो, मित्राकडे पिशवी टाकली आणि रुग्णालय गाठलं. म्हटलं, आपण गोंधळलो तर पोरीचं हसं होईल, एकदा वाट पाठ करून ठेवू. आणि व्हायचं तेच झालं. चौथ्या कोपऱ्यावर जिना चढून वरच्या मजल्यावर गेलो, खाली आलो, पुन्हा चढलो. शेवटी फरशी पुसणाऱ्या बाईंनी नेऊन सोडलं. म्हणाल्या, इथे सगळेच चुकतात, मी रोज दहाबारा जणांना पोचवते. मी त्यांच्यासोबत ती वाट तीनदा चाललो. रविवारी जे चाललो ते पाय चालले, डोळे नव्हते.

कोट नीट बसला नाही की काही गिऱ्हाइकं शिंप्याला वाईट वाटू नये म्हणून खांदा उचलून उभी राहतात. चाळीस वर्षं मी त्यांना ओरडत आलोय, सरळ उभे राहा म्हणून. आणि पोरीपुढे मीच खांदा उचलला.

आता दुसरं. हे सांगू की नको यात बावीस वर्षं गेली. आई त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचलीच नव्हती. तीन तास भलत्याच व्हरांड्यात बाकावर बसली आणि परत आली. तुला म्हणाली हात धरून नेलं. मला मात्र म्हणाली, भिंतीवर माझ्या लेकीच्या पाट्या, आणि मी वाट विचारू? लोक म्हणतील, आईलासुद्धा कळल्या नाहीत. मला शपथ घातली. सात महिन्यांनी मी तिला ओढून नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. डाव्या डोळ्याचं जे झालं ते तुला माहीत आहे. कारण माहीत नव्हतं.

तुला दुखवायला लिहीत नाही. पण पोरीला मी सांगू शकत नाही, माझी जीभ उचलत नाही. तू सांग. तू मोठी आहेस.

चुकलो असेन तर कान पकड, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
भाऊ

*

२ फेब्रुवारी

चि. रेघोटीस,
अ. उ. आ.

सोबत तुझ्या बाबाचं पत्र जोडलंय. आधी ते वाच, मग हे. त्याच्यावर रागावू नकोस. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागाव, कारण घरचं माणूस घे असं सांगणारी मी.

पत्र आलं त्या दिवशी मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून माझ्या त्या रुग्णालयात गेले. बावीस वर्षांत मी तिथे फक्त पाहुण्यांना पाट्या दाखवायला गेले होते, बसले कधीच नव्हते. डोळ्यांच्या विभागाकडचं वळण चुकलं की लागतो त्या व्हरांड्यात, आई बसली असेल त्याच बाकावर बसले. एका तासात सतरा माणसांनी शिपायाला वाट विचारली. मी त्याला म्हटलं, समोर पाटी आहे की. तो म्हणाला, ती होय, ती दिसायला छान आहे म्हणून काढली नाही.

ती खरंच छान आहे गं. निळ्यावर निळी अक्षरं. मासिकवाल्यांना तीच आवडली होती. आईला तो निळा दिसलाच नसणार, कारण ती डोळे दाखवायलाच तर गेली होती. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. दाढीवाले मास्तर असते तर त्यांनी सबंध किटली ओतली असती.

मास्तरांची शिकवण मी तुला अर्धीच दिली होती. ते काम दाखवायला नेहमी रस्त्यावरचा माणूस आणायचे, घाईतला, वैतागलेला. मी एकदा विचारलं, आमच्या घरी का नाही दाखवायचं, तर म्हणाले होते की माया करणारा माणूस पाटी वाचत नाही, तो आपला चेहरा वाचतो. मला ते तेव्हा विक्षिप्तपणाचं वाटलं होतं.

परीक्षेला दहा दिवस आहेत. हे पत्र तू फाडून टाकलंस तर कुणाला कळणार नाही. तुझा बाबा बोलणार नाही, मीही नाही. तू पास होशील, पाट्या लागतील, फोटोही येईल कदाचित. मी तशीच बावीस वर्षं सुखात काढली. मात्र कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, अनोळखी माणसांना घेऊन एकदा बघ, एवढंच म्हणते. पुढचं तुझं तू ठरव.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.

तुझी,
आत्या

*

२४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन ओळींनाही उशीर झाला. रागावले होते. बाबांवर, तुझ्यावर, आणि त्या फरशी पुसणाऱ्या बाईंवरसुद्धा, म्हणजे बघ.

तुझं पत्र शनिवारी आलं, मी सोमवारची वाट पाहिली. नऊ वाजता गेले. नऊ अनोळखी माणसं पाठवली, सहा जण जिना चढून गेले. कारण शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कोपऱ्यावर वॉर्डाचं मोठं दार आहे. रविवारी ते बंद असतं. इतर दिवशी ते सताड उघडून भिंतीला टेकवतात, आणि माझी पाटी बरोब्बर त्या दारामागे जाते. मी सगळी मापं रविवारी घेतली होती, शांतता असते म्हणून!

दोन दिवस ठरत नव्हतं. मग परीक्षकांपुढे देखण्या चित्रांऐवजी पहिल्यांदा त्या नऊ जणांचा तक्ता ठेवला आणि सांगितलं की माझं काम चुकतंय, कुठे चुकतंय ते हे. सर खाली मान घालून बसले. परीक्षकांनी तक्ता बराच वेळ पाहिला आणि प्रकल्प अपुरा म्हणून शेरा दिला. तीन महिने वाढवून मिळाले. बरोबरीचे सगळे नोकऱ्यांना लागले, वसतिगृहात मी आणि शेजारच्या खोलीतली गळकी तोटी उरलोय. अधीक्षक तारीख मोडली म्हणून माझ्यावर जाम उखडले, पण कागद मात्र भिंतीवर राहू दिले.

गेल्या गुरुवारी दुसरा नमुना लावला. पाटी दाराच्या अलीकडे आणली, पट्टी जमिनीवरून नेली. नऊपैकी सात जण पोचले. बाबा आदल्या आठवड्यापासून मागे लागले होते, मला अजून एकदा चालू दे. मी नाही म्हटलं, माया करणारा माणूस पाटी वाचत नाही हे तुझ्या मास्तरांचं वाक्य ऐकवलं. तरी आले, सकाळच्या गाडीने थेट. तिकीट दाखवलं मला, आजचंच आहे म्हणून.

कोपऱ्यावर आले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वळून माझ्याकडे पाहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाबा, डावीकडे. मी मान खाली घालून वहीत बघत राहिले. मग त्यांनी समोरून येणाऱ्या नर्सबाईंना थांबवलं आणि दुकानात माप सांगतात तसल्या खणखणीत आवाजात म्हणाले की मला वाट सापडत नाहीये, कुठे जायचं?

मी लिहिलं: दहावी व्यक्ती, वय एकसष्ट, शिंपी, चौथ्या कोपऱ्यावर चुकले. लिहिताना डोळे भरून आले. आत्या, चार वर्षं ते गिऱ्हाइकांना सांगत होते, पण मी डिझायनर आहे हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं.

पुढच्या सोमवारी तिसरा नमुना. तू ये. तू मात्र चालायचं नाहीस, वीस पावलं मागे माझ्यासोबत राहायचं.

वाट बघते. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
रेघोटी