चौदा नंबरच्या बसची मऊ सीट

सोमवार, ३ फेब्रुवारी
सिटी बसच्या सीटना नवी कव्हरं निवडायचं काम डेपो मॅनेजरांनी माझ्यावर सोपवलं. माझ्या एकट्यावर. (स्टोअर्समधले बाकीचे दोघं रजेवर आहेत, तो भाग वेगळा.) नमुने तीन: रेक्झिन, कडक प्लास्टिक आणि मऊ, लव असलेलं निळं कापड. अकरा वाजता निर्णय झाला: कापड. अभ्यास उद्यापासून.

मंगळवार, ४
घरी प्रत्येक नमुन्यावर वीस मिनिटं बसायचं ठरवलं होतं. रेक्झिनवरून चार मिनिटांत उठलो, प्लास्टिकवरून दोन. कापडावरूनही सहाव्या मिनिटाला उठलो, पण समाधानाने. बायको म्हणाली, तुमचं बूड कुठेच टेकत नाही, अभ्यास कसला करताय?

बुधवार, ५
बस धुणाऱ्या मावशींनी हटकलं. म्हणाल्या, साहेब, गाड्या रोज संध्याकाळी पाइप मारून धुतो. रेक्झिनवर फडकं फिरवलं की काम झालं. हे कापड पाणी पिऊन बसेल. मी त्यांना हवा खेळती राहण्याचं शास्त्र समजावलं. त्यांनी पाइप उचलला आणि पुढची गाडी धुवायला घेतली. पटलं असावं.

गुरुवार, ६
बायको रोज बसने ऑफिसला जाते. विचारते, तुम्ही बसमध्ये शेवटचे कधी बसला होतात? प्रश्न खोचक, पण मुद्दा रास्त. संकल्प: उद्यापासून स्कूटर बंद.

शुक्रवार, ७
बस वेळेवर आली म्हणे. तेव्हा मी दाढी करत होतो. स्कूटरने गेलो. सोमवारपासून नक्की.

सोमवार, १०, दुपारी ३
चौदा नंबरच्या बसला बेचाळीस निळी कव्हरं चढली. ड्रायव्हरने विचारलं, आता चपला बाहेर काढून चढायचं का? कौतुक पोचलं.
(स्कूटर: आज घाई होती.)

गुरुवार, १३
बायकोची बढतीची मुलाखत. चौदा नंबरनेच जा, असा मी आग्रह धरला. माणूस मऊ जागी बसून गेला की डोकं शांत राहतं.
संध्याकाळी गप्प होती. मुलाखतीचा शीण. तिचं मन रमावं म्हणून माझा कव्हरांचा अहवाल वाचून दाखवला. अकराच्या अकरा पानं.

शुक्रवार, १४
पहिली तक्रार. टाइप केलेली, नाव नाही, फक्त पास नंबर. म्हणे सीट वरून कोरडी दिसत होती, बसल्यावर खालचं पाणी वर आलं, कपडे मागून भिजले, मुलाखत उभ्याने द्यावी लागली. हल्ली ज्याला त्याला मुलाखती असतात. लगेच उत्तर टाइप केलं: 'प्रवाशाने प्रथम स्वतःची पाण्याची बाटली तपासावी.' पास नंबरवरून पत्ता काढून पोस्टात टाकायला क्लार्कला सांगितलं. एका मिनिटात विषय संपवला.

मंगळवार, १८
पत्र आमच्या घरी आलं.
बायकोने चहा पिता पिता वाचलं आणि घडी घातली. "बाटली तपासली," म्हणाली. "झाकण घट्ट आहे."
मला आधी सांगायचं नाही का, असं मी विचारलं.
"तुम्ही अहवाल वाचत होतात. अकरा पानांत कुठे थांबलाच नाहीत."
ऑफिसच्या पत्रात व्यक्तिगत काही नसतं, हे मी तिला समजावलं. ती ऑफिसला गेली. चालत.

गुरुवार, २०
ते पद दुसऱ्याला मिळालं. बायकोच्या मुलाखतीच्या कागदावर शेरा: उमेदवार अस्वस्थ, बसा म्हटलं तरी बसत नाही.
वरच्या पदाचा ताण फार असतो. एका अर्थी झालं ते बरंच झालं.
वरची दोन वाक्यं रद्द. आठ वर्षं वाट बघत होती ती.

शुक्रवार, २१
मॅनेजरांनी रेक्झिन ठरवलं. मावशींना विचारून, दोन मिनिटांत. निळी कव्हरं उतरवायला मला लावलं. डावीकडून मावशी, उजवीकडून मी. काल संध्याकाळी धुतलेली गाडी, दिवसभर उन्हात उभी. पहिलंच कव्हर पिळलं तर माझे बूट भिजले. मावशींनी पाहिलं. पुढचं कव्हर सोडवायला घेतलं. दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
घरी येऊन तक्रारीचं नवं उत्तर लिहायला घेतलं. हाताने. वर पास नंबर घातला. 'आपली तक्रार खरी आहे' इथपर्यंत आलो आणि अडलो. उठलो, पाणी प्यालो, परत बसलो, परत उठलो. तेवढ्यात बायकोने येऊन कागद वाचला. म्हणाली, निदान नावाने तरी लिहा.
नंबर खोडून नाव लिहिलं. पुढचं अजून सुचलेलं नाही.