ताटलीतला शेवटचा बन

१७ जून, बुधवार

चार तास झाले, नातीनं, टीरानं, गाडी थांबवली नाही. माझे गुडघे लाकडाचे झाले तरी तिचं आपलं एकच, आजी, अजून थोडं. डॉक्टरनं या वहीत रोज रक्तदाब लिहायला सांगितलाय. आज १६०. तो टीरानं चढवला.

शेवटी एका गावात कॅफे सापडला. गाव म्हणजे पेट्रोलपंप, चर्च आणि हा कॅफे. भिंतीवर एल्क हरणाचं शिंगांचं मुंडकं, त्याला नवरीची जाळी घातलेली. खुर्च्यांच्या पायांत लोकरीचे मोजे. टीरा हसून हसून बेजार. मालकीण आल्फहिल्ड, पन्नाशीची, कोपरापर्यंत पीठ. तळलेली हेरिंग, कुस्करलेले बटाटे, लिंगोनच्या लाल आंबट फळांचा मुरांबा. मासळी चांगली होती. मी सहसा असं म्हणत नाही. वर कॉफी आणि ताटलीभर वेलदोड्याचे बन. एक उरला. शेवटचा कोणी उचलायचा नसतो. तीन पोरं मी याच शिस्तीत वाढवली. तो तसाच ठेवून उत्तरेला, माझ्या बहिणीकडे निघालो.

१८ जून, गुरुवार

वार गोळ्यांच्या डबीवरून लिहितेय, कारण इथलं ऊन या दिवसांत मावळतच नाही. काल तासभर सरळ रस्त्यानं गेलो आणि समोर तोच पेट्रोलपंप. मी टीराला विचारलं, गाडी चालवतेस की झोपा काढतेस. तिनं चिडून नकाशा नाकासमोर धरला. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आत गेलो. आमचं टेबल जसंच्या तसं. कॉफीला वाफ. ताटलीत एक बन. आल्फहिल्ड गोड हसून म्हणाली, "बसा आजी. जेवण कुठं संपलंय तुमचं?"

१९ जून, शुक्रवार

खिडकीशी सिक्स्टेन नावाचा ट्रकवाला बसतो, एकटा. त्याच्यापुढेही एकच बन. बोलायला जड माणूस, पण मी सगळं काढून घेतलं. शेवटचा बन ज्यानं खाल्ला, त्यानं इथं राहून पुढच्यांसाठी भाजायचं, दुसरा कोणी शेवटचा खाऊन त्याला सोडवेपर्यंत. त्याच्या टेबलावरच्या बाकीच्यांना रस्ता मोकळा. आल्फहिल्डही नवऱ्याबरोबर जेवायलाच थांबली होती. बन तिनं खाल्ला, नवरा सुटून गेला. सिक्स्टेन तर टेबलावर एकटाच, खाल्ला तरी इथंच, नाही खाल्ला तरी इथंच. किती दिवस झाले विचारलं. म्हणाला, ट्रकच्या टायरांतून बर्चची झाडं उगवलीत.

टीरा ऐकत होती. तेवीस वर्षांची आहे. तिचा हात ताटलीकडे सरकला. मी चमचा हाणला.

२० जून, शनिवार

झोप नाही. टीरा बनाकडे बघते, मी टीराकडे. म्हणते, "मी तरुण आहे आजी, मला जमेल." जमेल म्हणे. हिला अंडं उकडता येत नाही.

तिला गाडीतून माझा स्वेटर आणायला पाठवलं.

खाल्ला. कोरडा होता. वेलदोडा कमी.

आल्फहिल्डनं एप्रन सोडून माझ्या गळ्यात घातला. रडत होती, माफी मागत होती. म्हटलं, माफी राहू दे, पोरीला घेऊन जा. परत वळू देऊ नकोस.

खिडकीतून पाहिलं — टीरा काचेवर हात आपटत — आल्फहिल्डनं तिला गाडीत ढकललं — गाडी गेली. आली नाही परत. बरं झालं.

रविवार

शेवटची गोळी. उद्याचा वार कशावरून —

पीठ आपोआप मळलं जातं. मी थांबते, हात थांबत नाहीत. कितीही बन भाजले, ताटलीत किती मांडायचे ते हातांनाच —

बाहेर गाडी. आमचीच. टीरा, एकटी. हाका मारतेय.

आत येऊन बसली की ताटली मीच पुढे ठेवणार. हात ठेवणार. ती शेवटचा उचलणार, मला सोडवायला — ओळखते मी तिला —

तोंडानं बोलले तर टीरा ऐकेल, म्हणून लिहून देतेय. सिक्स्टेन, हे वाच आणि ऊठ. दाराशी तू जा. सांग, म्हातारी काल मेली, कॅफे बंद आहे. कडी लाव. ती काहीही विचारू दे, उत्तर तूच द्यायचं. मी नाही. माझा आवाज एकदा जरी तिच्या